रविवारचा टोप

मला स्पॅनिश येते. आगरदांड्याच्या धक्क्यावर बसून हे सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या लुंगीकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग हसतो. मी त्याला हसू देतो. कुणी फारच मागे लागलं तर चार वाक्यं बोलून दाखवतो आणि पुस्तकाचं पान न उघडता सात महिन्यांत ही भाषा कशी शिकलो ते रंगवून सांगतो. सांगतो ते खरंच असतं, फक्त अर्धं असतं. उरलेलं अर्धं मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. ती माझी आई. आणि तिला सांगायलासुद्धा मला सहा वर्षं लागली.

आमचं घर धक्क्यापासून वीस मिनिटांच्या वाटेवर. घरात आम्ही तिघं, आई, मोठा भाऊ आणि मी. वडील गेले तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि भाऊ अकरा. त्याला मी भाई म्हणायचो. चौदाव्या वर्षी तो मचव्यावर चढला, विशीत मुंबईला जाऊन मोठ्या जहाजावर खलाशी झाला आणि त्याच्या पगारावर मी मुरूडला मराठी सातवी पास झालो. भाई बोलका होता. आगरदांड्याहून दिघीला तरीतून, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीतून, जायचं झालं की लोक त्याला मधल्या फळीवर बसवायचे, म्हणजे दोन्हीकडच्यांना ऐकू जाईल. कुणाच्या लग्नातली फजिती, कुठल्या बंदरावरचा लबाड दुकानदार, त्याच्याकडे काही ना काही असायचंच. मी मात्र मूग गिळून बसणारा. "अल्लानं दोगांची जीभ एकालाच दिली," असं आई म्हणायची. भाई लगेच म्हणायचा, "त्याच्या वाटचं मी बोलतो ना, आये. त्याला काय कमी हाय?"

खरंच काही कमी नव्हतं. मास्तरांनी छडी मारली तर ती हकीकत आईला भाई सांगायचा. पोटात दुखायला लागलं तर मी कोपऱ्यात जाऊन बसायचो, आणि भाई माझ्याकडे एकदा बघून ओरडायचा, "आये, याचं पोट दुकतंय, ओवा दे." मला तोंड उघडावं लागत नसे.

साठ साल उजाडायला वर्ष-दीड वर्ष असेल तेव्हाची ही गोष्ट. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने जुनं जहाज विकत घेतलं होतं. ते स्पेनच्या उत्तरेकडच्या एका बंदरात दुरुस्तीला पडलं होतं आणि ते इकडे आणायला माणसं हवी होती. श्रीवर्धनकडचा एक म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्या किनाऱ्यावरची अकरा माणसं गोळा करत होता. भाईचं नाव त्याने पहिलं लिहिलं. भाई म्हणाला, "माज्या धाकट्यालाबी घ्या. लिवतो-वाचतो, कामाला येल." सारंगाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "बोलतो काय?"

"बोलंल," भाई म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा तिकडे थंडी अशी की बोटं वळत नव्हती. जहाज महिन्याभरात तयार होईल असं गोदीवाल्यांनी सांगितलं आणि आम्हा अकरा जणांना एका मोठ्या खोलीत उतरवलं. पहिल्या रात्री आम्ही ऐसपैस पथाऱ्या टाकल्या, भाईने गोष्टी सांगितल्या, आणि आगरदांडाच उचलून इकडे आणल्यासारखं वाटलं. सकाळी सारंग उठला आणि म्हणाला, "चला, बोचकी बांदा. उद्यापासनं ह्या खोलीत कोन न्हाय."

मग त्याने कारण सांगितलं. पूर्वी अशाच एका परक्या गोदीत तो आपल्या माणसांना घेऊन पाच महिने राहिला होता. सगळे एका खोलीत राहायचे, आपलंच खायचे, आपलंच बोलायचे. एक दिवस क्रेनवरून लोखंडाचा पत्रा सुटला. खालच्या गोदी-कामगारांनी ओरडून सांगितलं, आणि हरिहरेश्वराकडचा एक तरणा पोरगा ते काय ओरडतायत ते बघायला मान वर करून उभा राहिला.

"एक शब्द व्हता," सारंग म्हणाला. "जपून, येवडाच. पाच म्हैने त्या लोकांत ऱ्हाऊन त्याला एक शब्द आला न्हाय. त्याच्या मय्यताला गुसल मी दिला, ह्या हातांनी आंगोळ घातली. आता परत न्हाय देनार."

म्हणून त्याने आमची मोळी सोडली. प्रत्येकाला गावातल्या एकेका घरी ठेवलं, गोदीतही एकेका स्पॅनिश टोळीत एकेकाला घातलं. सख्खे भाऊ म्हणून आम्हाला तर गावाच्या दोन टोकांना. भेटायचं ते फक्त रविवारी, सारंग राहायचा त्या घराच्या मागच्या अंगणात. तिथे आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, गोदीच्या खानावळीतून आणलेल्या एका मोठ्या टोपात भात शिजवायचा, बरोबर मासळीचं कालवण. आणि त्या जेवणाला नियम एकच. बोलायचं ते तिथल्या भाषेत. आपल्या बोलीतला शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याने टोप घासायचा. तळाला भात करपलेला असायचा, नळाचं पाणी बर्फाचं, आणि घासायला वाळू नि दोरखंडाच्या काथ्याचा चोथा. पण ती शिक्षा वाटायची नाही. पहिल्या रविवारी आम्ही इतके हसलो की शेजारची बाई खिडकी उघडून बघायला लागली.

मला मिळालं ते एका शिवणकाम करणाऱ्या विधवेचं घर. बाई खमकी. जेवताना मिठाचं भांडं हाताशी धरून बसायची आणि मी "साल" म्हटल्याशिवाय मीठ पुढे करायची नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं "साल" चालेना, "मला मीठ द्या" असं पुरतं म्हणायला लावलं. तिसऱ्या दिवशी त्यात "कृपा करून" घालायला लावलं. पहिला आठवडा मी बराचसा अळणी जेवलो. दुसऱ्या आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. सवयीप्रमाणे मी कोपऱ्यात जाऊन बसलो. पण तिथे भाई नव्हता. बाईने माझी हनुवटी धरून वर केली, गालावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मे दुएले." मला दुखतंय. मी ते दोन शब्द म्हणेपर्यंत तिने लवंग दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं दुखणं मी माझ्या तोंडाने सांगितलं, आणि तेही परक्या भाषेत.

जहाजाची दुरुस्ती लांबत गेली, आणि माझी जीभ सुटली ती सुटलीच. दोन महिन्यांत मी दुकानात घासाघीस करू लागलो, गोदीतल्या मुकादमाचं सांगणं आमच्या लोकांना समजावू लागलो. आमच्यातल्या कुणाला काही हवं असलं की तो माझ्याकडे यायचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, पण त्या गायीच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं हे मी नाकारणार नाही. संध्याकाळी गावच्या चौकात माझे नवे दोस्त जमायचे, त्यांच्यात बसून मी बडबडायचो. मधल्या फळीवर आता मी होतो.

आणि भाई मुका झाला. त्याला चढणीवरच्या एका घरात ठेवलं होतं, जाळी विणणारं म्हातारं जोडपं. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं, म्हातारी भली पण अबोल. भाईला शब्द येत नव्हते असं नाही. सुरुवातीला तर त्याला भलतीच मौज वाटली होती. साबणाला हे लोक "खाबोन" म्हणतात, मेजाला "मेसा", बटाट्याला "पाताता". एका रविवारी तो टोपाची पर्वा न करता आपल्या बोलीत ओरडला, "आरे, ही मानसं तर आपलंच चोरून बोलतात!" सगळे पोट धरून हसले आणि त्याने आनंदाने टोप घासला. पण शब्दाला शब्द जोडून वाक्य करणं त्याला जमेना. गोष्ट सांगायची तर वाक्यं लागतात. चार शब्दांत गोष्ट होत नाही, आणि भाईला गोष्टीशिवाय बोलताच येत नव्हतं. मग तो "बुएनो" म्हणायला शिकला. बुएनो म्हणजे छान, बरं, ठीक. जेवण कसं आहे, बुएनो. उद्या काम आहे, बुएनो. कुणी थट्टा केली, बुएनो.

तरी दर रविवारी त्याच्या तोंडून आपली बोली निसटायचीच आणि टोप त्याच्याच वाट्याला यायचा. सलग कितीतरी रविवार. नंतर नंतर तो हसत नसे, घासता घासता कुणाकडे बघत नसे. एका संध्याकाळी तो चढण उतरून माझ्या बाईच्या घरी आला. मी आणि बाई काहीतरी बोलत होतो. भाई टोपी हातात धरून खुर्चीच्या कडेला अर्धा तास बसला. मी त्याच्याशी आपल्या बोलीत बोललो नाही. रविवार नव्हता, नियम नव्हता, तरी नाही. बाईसमोर मला माझी ऐट दाखवायची होती. इतकी वर्षं तो माझ्या वाटचं बोलायचा, आता तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला ते आवडत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं. थोड्या वेळाने तो "बुएनो" म्हणून उठला आणि गेला.

मग रमजान आला. आम्ही सगळ्यांनी रोजे धरले. भाईच्या म्हातारीने पहिल्यांदा हा दिवसभर जेवत नाही म्हणून घाबरून माझ्याकडे धाव घेतली होती. मी तिला समजावलं तेव्हापासून ती रोज सूर्य मावळताना त्याच्यासाठी सूप गरम करून ठेवायची. ईद झाली. ईदला सारंगाने नियमाला सुट्टी दिली होती आणि भाई त्या दिवशी इतका बोलला की त्याचा घसा बसला. तो त्याचा शेवटचा बोलका दिवस होता.

ईदनंतरचा रविवार. आम्ही अंगणात गोल करून बसलो होतो. टोपातून वाफ येत होती. भाई माझ्यासमोर होता, डावा हात उजव्या कुशीवर दाबून, भाताला हात न लावता. मला वाटलं थंडी. तो पुढे वाकला आणि हळूच आपल्या बोलीत म्हणाला, "आरे, कालपासनं मना..."

मी शेजारी ठेवलेला काथ्याचा चोथा उचलला आणि त्याच्या तोंडासमोर नाचवला. सगळे ओरडले. मी हसत हसत स्पॅनिशमध्ये म्हणालो, "इकडच्या भाषेत सांग, भाई! नाहीतर टोप!" भाई माझ्याकडे बघत राहिला. तो शब्द शोधत होता हे मला दिसत होतं. मला तो शब्द येत होता. दुसऱ्या आठवड्यापासून येत होता. त्याने तोंड मिटलं, मग उघडलं आणि म्हणाला, "बुएनो."

आम्ही टाळ्या वाजवल्या. भाईने इतक्या रविवारांत पहिल्यांदा टोप चुकवला होता. सारंगाने खूश होऊन कालवणातलं मोठ्या माशाचं डोकं काढलं आणि त्याच्या ताटलीत घातलं. भाईने ते माझ्या ताटलीत सरकवलं. मी ते खाल्लं.

मंगळवारी संध्याकाळी त्याची म्हातारी माझ्या दारात उभी. म्हणाली, तुझा भाऊ परवापासून जेवत नाही, कामावरही गेला नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो. तुमचा तो उपासाचा महिना संपला ना? मी म्हणालो, संपला, पण त्यानंतरच्या महिन्यात सहा रोजे आणखी असतात. आमच्यातले पापभीरू लोक ते धरतात. त्याचं पुण्य वर्षभराच्या रोज्यांएवढं. मग रमजानचे तीस आणि हे सहा मिळून वर्ष कसं होतं, तो हिशेबही मी तिला समजावला. एवढं लांबलचक, एवढं बिनचूक मी त्या भाषेत त्याआधी कधीच बोललो नव्हतो. म्हातारी हात जोडून ऐकत होती. म्हणाली, फार चांगला मुलगा आहे. माझी बाई मागून म्हणाली, केवढं सुंदर बोललास! मला इतका आनंद झाला की त्या आनंदात मी दोस्तांकडे चौकात गेलो. चढण चढून दहा मिनिटांत भाईला बघून आलो असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात ना, ते माझ्यासाठीच कुणी करून ठेवलेलं आहे.

म्हातारीने माझ्या शब्दावर विसंबून त्याला आणखी दीड दिवस हात लावला नाही. दिवसा बोलवायला गेली नाही. संध्याकाळी सूप ठेवायची, सकाळी ते तसंच असायचं. गुरुवारी तो अंथरुणावरून खाली पडलेला सापडला तेव्हा शेजाऱ्यांनी उचलून त्याला दवाखान्यात नेलं आणि मला गोदीतून बोलावलं.

डॉक्टर तरुण होता. त्याने मला सांगितलं की पोटातलं अपेंडिक्स फुटून विष पसरलं आहे. रविवारी आणला असता तर साधं काम होतं. सोमवारीही चाललं असतं. मला त्याचा शब्दन् शब्द कळला. कळू नये असं मनापासून वाटलं, पण भाषा एकदा आली की कान बंद करता येत नाही. तिथल्या एका ननने मला विचारलं, आम्ही त्याला सारखं विचारत होतो, कुठे दुखतं, कुठे दुखतं, आणि तो सारखा म्हणत होता, बुएनो. असं का?

मी त्याच्याजवळ बसलो. त्याचा हात हातात घेऊन आपल्या बोलीत सगळं बोललो. भाई, मी हाय. भाई, बोल, कायबी बोल. मरणाऱ्याच्या ओठांवर शेवटी असावा म्हणतात तो कलमा मी पढलो, दोनदा, तीनदा, तो माझ्या मागे म्हणेल म्हणून. पहाटे त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, ओळखलं असं मला अजून वाटतं. ओठ हलले. मी कान जवळ नेला. "बुएनो," भाई म्हणाला. माझ्याशीसुद्धा. त्यानंतर तो बोलला नाही.

त्या गावात आपलं कबरस्तान नव्हतं. त्यांच्या स्मशानाच्या भिंतीबाहेर, ज्यांना त्यांच्या धर्मात जागा नाही अशांसाठी एक कोपरा होता, तिथे आम्ही त्याला ठेवला. गुसल सारंगाने दिला. परत देणार नाही म्हणाला होता, त्याने दिला. दोन दिवसांनी रविवार आला. भंडाऱ्याने भात केला, पण अंगणात कुणी कुठल्याही भाषेत बोललं नाही. जेवणं झाल्यावर सारंग स्वतः उठला, नळाखाली उकिडवा बसला आणि टोप घासायला लागला. मी चोथा घ्यायला गेलो तर त्याने दिला नाही. "नियम माजा व्हता," तो म्हणाला. मी त्याला मंगळवारचं सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो. पुढे तो श्रीवर्धनला वारला तोवर ते ओझं आपलं म्हणूनच वाहत होता, आणि मी ते त्याला वाहू दिलं.

जहाज तयार झालं, आम्ही ते मुंबईला आणलं, आणि मी आगबोटीने घरी आलो. आईला तारेने कळलेलं होतं. ती दारातच बसली होती. तिने रडून घेतलेलं होतं, माझ्यासमोर ती रडली नाही. माझा चेहरा चाचपला, पाणी दिलं, आणि मी ग्लास खाली ठेवायच्या आत विचारलं, "शेवटी काय बोलला?"

"कलमा पढला," मी म्हणालो.

"तुना ऐकू आला?"

"व्हय. साफ."

आईने डोळे मिटले. मग उठून शेजारणींना सांगायला गेली. माझा पोरगा परक्या मुलखात कलमा पढून गेला, हे ती पुढे सहा वर्षं सांगत होती. कुणाकडे मौत झाली की ती तिथे जाऊन बसायची आणि हेच सांगून त्यांचं सांत्वन करायची. मी त्या वेळी तिथून उठून जात असे.

मी परत जहाजावर गेलो नाही. धक्क्यावर तरीची तिकिटं फाडायचं काम धरलं. भाईचा मृत्यूचा दाखला स्पॅनिशमध्ये होता. तो घेऊन अलिबागच्या कचेरीत गेलो तर तिथल्या कारकुनाने कागद उलटासुलटा करून विचारलं, "हे वाचणार कोण?" मी वाचलं. उभ्याउभ्या ओळ न् ओळ मराठीत करून सांगितली, आजाराचं नाव, किती दिवसांचा, वय, आईचं नाव. त्याने लिहून घेतलं आणि मान वर करून म्हणाला, "वा! फर्डा बोलता की. कुठे शिकलात?" मी म्हणालो, "भावाबरोबर गेलो होतो."

काही वर्षं अशीच गेली. एका दुपारी आई सुपात तांदूळ निवडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "त्याच्या कानावर शेवटी जी बोली पडली ती मनाबी शिकव."

मी टाळायला बघितलं. पण आई म्हणजे आई. मग मी तिला शिकवलं, मला जसं शिकवलं होतं तसंच. जेवताना मिठाची बरणी माझ्याजवळ ठेवायची आणि तिने "साल" म्हटल्याशिवाय द्यायची नाही. पाण्याला "आग्वा". पावाला "पान", यावर ती खूप हसली. "पान मागितला तं पाव देतात? मंग पान खायचा झाला तं काय करतात?" साबण ऐकून तर ती अगदी भाईसारखंच म्हणाली, आपलंच हाय की. तिच्या तोंडी ते शब्द आले की घरात भाई आल्यासारखं वाटायचं. सहा वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, म्हातारपणी हिला काय सुचलंय. आई त्यांनाही "बुएनो" म्हणायची. तो शब्द तिला मी शिकवला नव्हता, माझ्याच बोलण्यातून तिने उचलला असावा.

आणि एका संध्याकाळी ती गुडघा चोळत बसली होती. म्हणाली, "दुकतंय ह्याला काय म्हनतात?"

मी म्हणालो, "मे दुएले."

"मे दुएले," आई म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून परत म्हणाली. पहिल्याच फटक्यात तिला जमलं. "सोपा हाय. ह्यो तू कवा शिकलास?"

"दुसऱ्या आठवड्यात. दाढ दुकत व्हती."

"आनि त्यो?"

आई गुडघा चोळायची थांबली. "त्याला न्हाय येत व्हता? येवडा सोपा? त्याला कोनी शिकवला न्हाय?"

मग मी तिला सांगितलं. सारंगाचा नियम सांगितला, त्याचं कारणही सांगितलं. चोथा सांगितला, टाळ्या सांगितल्या, माशाचं डोकं सांगितलं. मंगळवारी म्हातारी दारात आली होती आणि मी तिला सहा रोज्यांचं पुण्य समजावत होतो ते सांगितलं. कलमा मीच पढत होतो, तो नाही, आणि त्याचा शेवटचा शब्द कुठला होता, तेही सांगितलं. आईने मधे एकदाही मला थांबवलं नाही. सांगून झाल्यावर मला वाटलं ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं.

बाहेर अजून उजेड होता. तरीची होडी दिघीहून परत येत होती, माणसांचे आवाज ऐकू येत होते. आई माझ्या हातांकडे बघत होती. मग तिने विचारलं, "टोप केवडा व्हता?"

मी दोन्ही हात पुढे करून दाखवलं, एवढा.

आईने माझ्या दोन हातांमधली ती जागा नीट बघून घेतली.

"येवडाच?" ती म्हणाली.